काचेच्या घरातले बाळंतपण

घरात कुणाला दिवस गेले असे कळले की आपल्या मराठी घरांत दोन गोष्टींना एकदम भरती येते. एक काळजीला आणि दुसरी सल्ल्याला. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेक-शेगडी, कानाला रुमाल आणि खिडक्या बंद! ज्यांच्याकडे वर्षानुवर्षे पाळणा हललेला नाही अशा घरांतूनसुद्धा चार उपाय चालत येतात. परंतु असेही एक बाळंतपण असते की ज्याला यांतली एकही मात्रा लागू पडत नाही. आणि ते शहरांतल्या कितीतरी घरांत, चक्क बैठकीच्या खोलीत, आल्यागेल्याच्या डोळ्यांदेखत, साधारण महिन्याला एक या हिशेबाने होत असते. ही बाळंतीण म्हणजे काचेच्या टाकीत पाळलेली गप्पी मासोळी.

गेल्या हिवाळ्यात आमच्या एकलहऱ्याच्या घरी असे एक बाळंतपण पार पडले. त्यापायी मला जे वाचावे, विचारावे आणि डोळ्यांत तेल घालून पाहावे लागले, ते इतर घरांनाही उपयोगी पडेल असे वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

एकलहरे नाशिककरांना ठाऊक आहे ते तिथल्या औष्णिक वीज केंद्रामुळे. १९७० साली पहिला संच सुरू झाला, आणि तेव्हापासून नाशिक रोडहून येणाऱ्याला गावाआधी धुराडी दिसतात. अशा ठिकाणी मुलांना जिवंत, हलते, रंगीत काही हवेसे वाटले तर नवल नाही. आमच्या पाचवीतल्या लेकीने वाढदिवसाला मासे मागितले. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी टाकी आली आणि तीत तीन गप्पी आल्या: दोन माद्या आणि एक नर.

नर नखरेल. लांबी जेमतेम इंचभर, पण शेपटी अशी की पैठणीचा पदर वाऱ्यावर सोडावा. माद्या त्याच्यापेक्षा अंगाने चांगल्या भरलेल्या, पण रंगाने साध्या. महिना उलटला नसेल, तोच एका संध्याकाळी लेक म्हणाली, "बाबा, ही जाडी झालीय. आणि हिच्या पोटावर काळा डाग पडलाय."

मी औषधाचा विचार करू लागलो. एवढ्यात आमची आई जपमाळ बाजूला ठेवून, चष्मा लावून टाकीपाशी आली. क्षणभर तिने पाहिले आणि निकाल दिला, "अगं, डाग कसला? पोटुशी आहे ती!"

घरात आनंदीआनंद झाला. पण तो फार टिकला नाही. शेजारच्या वहिनी डोकावल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "लवकर वेगळी काढा हो तिला. नाहीतर पिल्लं झाली की आईच खाऊन टाकते. आमच्याकडे एकसुद्धा उरलं नव्हतं."

लेकीचा चेहरा पडला. "आई खाते? स्वतःच्या पिल्लांना?" तिने एवढेच विचारले, आणि दुसऱ्या दिवसापासून माशांना खाणे घालायचे सोडून दिले. टाकीकडे पाठ करून ती अभ्यासाला बसू लागली. दहा वर्षांच्या मुलीला आईविषयी असा प्रश्न पडावा आणि त्याला 'तसंच असतं ते' असे उत्तर द्यावे, हे माझ्याच्याने होईना. खरे काय आहे ते शोधून काढणे भाग होते.

प्रथम या मासोळीचे कूळ पाहू. ही मूळची दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातली आणि जवळच्या त्रिनिदादसारख्या बेटांवरची. व्हिल्हेल्म पीटर्स या जर्मन शास्त्रज्ञाने १८५९ साली व्हेनेझुएलातल्या नमुन्यांवरून तिचे वर्णन केले. पुढे त्रिनिदादच्या रॉबर्ट जॉन लेचमिअर गप्पी नावाच्या निसर्गप्रेमी गृहस्थांनी हे मासे लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला धाडले आणि तिथल्या आल्बर्ट ग्युंथर यांनी १८६६ साली त्यांचेच नाव माशाला दिले. शास्त्राच्या नियमाप्रमाणे पीटर्सचे जुने नाव खरे ठरले, पण लोकांच्या तोंडी 'गप्पी' राहिले ते राहिलेच. मराठीत तर ते असे मुरले की एखाद्याला वाटावे, मासा फार गप्पा मारीत असेल. प्रत्यक्षात स्वारी अगदी गप्प!

याच त्रिनिदादला ३० मे १८४५ रोजी 'फतेल रझाक' हे जहाज हिंदुस्थानातल्या पहिल्या गिरमिटिया मजुरांना घेऊन पोचले होते. आपली माणसे तिकडे उसाच्या मळ्यांत राबायला गेली, आणि त्या भागातली ही मासोळी विसाव्या शतकाच्या आरंभी आपल्याकडे आली ती डास मारण्याच्या नोकरीवर. डासांच्या अळ्या हे तिचे आवडते खाद्य. पूर्ण वाढलेली एक गप्पी दिवसाला ८० ते १०० अळ्या फस्त करते असा आरोग्य खात्याचा हिशेब आहे. 'गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा' ही पाटी आपल्यापैकी अनेकांनी आरोग्य केंद्राच्या भिंतीवर वाचली असेल. सांगायचा मुद्दा असा की, दिवाणखान्यातली ही शोभेची बाहुली मूळची कामकरी बाई आहे.

आता तिच्या बाळंतपणाकडे वळू. बहुतेक मासे पाण्यात अंडी घालतात. गप्पी पिल्लांनाच जन्म देते. अंडी तिच्या पोटातच फळतात, पोटातच वाढतात, आणि प्रत्येक पिल्लू मुख्यतः आपल्या अंड्यातल्या बलकावर पोसले जाते. हा बलक आईने आधीच भरून ठेवलेला असतो. जणू लेकीला सासरी धाडताना वर्षाचे तिखट-मसाले बांधून द्यावेत. चार आठवड्यांच्या आसपास दिवस भरतात. पाणी उबदार असेल तर थोडे लवकर, गार असेल तर उशिरा. पहिलटकरणीला पाचदहा पिल्ले, तर मोठ्या मादीला वीसपासून पन्नास-साठपर्यंत आणि क्वचित शंभरावरही होतात. शिवाय नराचा एकदा संग झाला की त्याचे बीज ती महिनोन् महिने अंगात साठवून ठेवू शकते. म्हणून दुकानातून एकटी मादी आणली तरी महिन्याने घरात पिल्ले दिसतात आणि मंडळी चमत्कार म्हणून सांगत सुटतात. चमत्कार कसला? ती आली तेव्हाच बहुधा दोन जिवांची असते.

आणि इथेच आमच्या लेकीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. गप्पीचे आईपण पिल्लांच्या जन्माआधी पुरे होते. जे काय द्यायचे ते ती पोटातच देते. त्रिनिदादच्या डोंगरी ओढ्यांत डेव्हिड रेझनिक आणि जॉन एंडलर या अमेरिकन शास्त्रज्ञांनी ही गोष्ट फार बारकाईने तपासली. जिथे गप्पींना खाणारे मोठे मासे असतात तिथे माद्या लवकर वयात येतात आणि पुष्कळ पण बारकी पिल्ले देतात. धबधब्याच्या वर, जिथे असे शत्रू पोचत नाहीत, तिथे पिल्ले थोडी पण थोराड असतात. म्हणजे ओढ्यातले दिवस कसे आहेत त्याप्रमाणे पिढ्यान् पिढ्या शिदोरी बांधली गेली आहे. पिल्लू बाहेर पडले की मात्र आई ते ओळखत नाही. तिला समोर वळवळणारी एक बारीकशी वस्तू दिसते, आणि अशी वस्तू खाण्यावरच तर तिच्या कुळाचा निर्वाह चालत आला आहे.

मग त्या ओढ्यांतून गप्पींचा वंश बुडाला कसा नाही? कारण तिथे पळायला जागा आहे. नवजात पिल्लू जन्मल्या क्षणापासून पोहते. उथळ काठ, दगडाची फट, पाण्यात लोंबणारी मुळे, जे सापडेल त्यात ते शिरते. आई एकीकडे, पिल्ले दहा दिशांना. आपल्या टाकीत चार भिंती काचेच्या, तळाला चार रंगीत खडे आणि मधोमध प्लास्टिकचा किल्ला. पिल्लाने पळावे कुठे?

न्यूयॉर्कच्या मत्स्यालयाशी संबंधित असलेल्या चार्ल्स ब्रीडर आणि ख्रिस्तोफर कोट्स या दोघांनी १९३२ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी गप्पींच्या दोन सारख्या टाक्या घेतल्या. एकीत सोडली एकच गाभण मादी, तर दुसरीत नर, माद्या, पिल्ले मिळून पन्नास मासे. खाण्याची ददात नव्हती. काही महिन्यांनी मोजले तेव्हा दोन्ही टाक्यांत सारखेच मासे होते: नऊ आणि नऊ! पहिलीतले वाढून नऊ झाले, दुसरीतले घटून नऊ उरले. मग पुढे जितकी पिल्ले जन्मत तितकी खाल्ली जात. त्या टाकीत नऊच जिवांपुरती जागा होती, आणि आकडा तिथेच थांबला.

हे मी लेकीला सांगितले. तिने बराच वेळ विचार केला आणि म्हणाली, "म्हणजे आई वाईट नाही. घर लहान आहे." शास्त्रज्ञांनी पानेच्या पाने लिहिली त्याचे सार तिने दोन वाक्यांत काढले. त्या संध्याकाळी तिने पुन्हा माशांना खाणे घातले, आणि आमच्या घरात खऱ्या अर्थाने बाळंतपणाची तयारी सुरू झाली.

वाचकहो, या तयारीत पहिला धडा असा की जास्तीत जास्त काळजी म्हणजे कमीत कमी ढवळाढवळ. आपल्याकडे दुकानातून जाळीचा किंवा प्लास्टिकचा लहान डबा मिळतो. पोटुशी मादी त्यात ठेवायची, पिल्ले झाली की खालच्या फटीतून ती निसटतात, अशी योजना. डबा वाईट नाही, पण तो तासांसाठी आहे, दिवसांसाठी नाही. शेजारच्या वहिनींनी दुसऱ्या खेपेला मादी त्यात आठवडाभर ठेवली होती. भिंतींना धडका देऊन देऊन ती दमली, आणि पिल्लांसकट गेली. घाबरलेली मादी कधी अपुऱ्या दिवसांची पिल्ले टाकते, तर कधी स्वतःच दगावते. बाळंतिणीला हवा असतो एकांत. आपण देतो कोठडी.

दुसरी लोकप्रिय रीत म्हणजे तिला लख्ख धुतलेल्या नव्या बरणीत, ताज्या नळाच्या पाण्यात हलवणे. हेतू स्वच्छतेचा, पण परिणाम उलटा. नळाच्या पाण्यातला क्लोरीन माशाचे कल्ले पोळतो. आणि त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे, माशांच्या मलमूत्रातून व उरल्यासुरल्या खाण्यातून अमोनिया नावाचे विष तयार होते. जुन्या टाकीत फिल्टरच्या स्पंजावर आणि तळच्या वाळूत राहणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग बरेच निरुपद्रवी असे नायट्रेट करीत असतात. हे जिवाणू स्थिरावायला काही आठवडे लागतात. नव्या बरणीत ते नसतात, म्हणून दिसायला आरसपानी असलेले ते पाणी दोनतीन दिवसांत माशाला घातक होते. फिल्टरचा स्पंजही नळाखाली खसखसून धुऊ नये. टाकीतून काढलेल्या पाण्यात हलकेच पिळून घ्यावा.

यावर आम्ही सोपी युक्ती काढली. बाळंतिणीला हलवायचेच नाही, बाकीच्यांना हलवायचे! टाकीतलेच अर्धे पाणी एका मोठ्या टबात घेतले, एक जुना स्पंज फिल्टर त्यात लावला आणि नर व दुसरी मादी यांची रवानगी तिकडे केली. मासे पकडताना जाळीने पाठलाग करण्यापेक्षा पाण्यात वाटी बुडवून त्यांना हळूच तीत येऊ द्यावे. नराला दूर करणे तर अगत्याचेच. तो दिवसभर मादीच्या मागे लागतो, तिला खाऊ देत नाही की विसावू देत नाही. एरवीसुद्धा एका नरामागे दोन-तीन माद्या असाव्यात, म्हणजे जाच वाटला जातो. आई म्हणाली, "आमच्या वेळी सातव्या महिन्यात माहेरी धाडत, ते काय उगीच?"

मग केला आडोसा. हायड्रिलासारख्या पाणवनस्पतीच्या जुड्या आणि जावा मॉस नावाचे मऊ शेवाळ टाकीच्या एका बाजूला दाट बसवले. काही फांद्या पाण्यावर तरंगत्या ठेवल्या, कारण नवजात पिल्ले पुष्कळदा वरच्या थरात आश्रय घेतात. भाजीच्या जुन्या टोपलीची प्लास्टिकची जाळी कापून टाकीच्या मधोमध उभी केली. तिची भोके अशी की काडीएवढे पिल्लू पार होईल, पण आई नाही. त्यामुळे टाकीत ओढ्याचा काठ तयार झाला. खर्च म्हणाल तर शेवाळापुरता.

पाण्याच्या बाबतीत आम्ही नशीबवान निघालो. नाशिकची जमीन काळ्या पाषाणाची. त्यातून झिरपून येणारे विहिरीचे आणि बोअरचे पाणी बरेचदा जड असते. त्यात साबणाला फेस येत नाही, डाळ लवकर शिजत नाही, म्हणून सौ. कायम कुरकुरते. पण गप्पीला असेच क्षारांचे, किंचित अल्कधर्मी पाणी मानवते. ज्यांच्याकडे नळाचेच पाणी आहे त्यांनी ते बादलीत एक दिवस उघडे ठेवावे, किंवा दुकानात मिळणारे क्लोरीन मारायचे थेंब घालावेत. आठवड्याला पाव टाकी पाणी बदलावे. सगळे एकदम कधीही बदलू नये. आणि नवे पाणी जुन्याइतकेच कोमट असावे.

हा कोमटपणा हिवाळ्यात फार महत्त्वाचा. गप्पी उष्ण प्रदेशातली. २४ ते २८ अंश सेल्सिअस ही तिची सुखाची हवा. आमच्या शेजारच्या निफाड तालुक्यात काही हिवाळ्यांत पारा ५ अंशांच्याही खाली जातो, तेव्हा उघड्या टाकीचे पाणी काय होत असेल याची कल्पना करा. इंग्लंडमधल्या सेंट हेलन्स गावात एका काचकारखान्याचे गरम पाणी कालव्यात सोडले जाई. तिथल्या कडाक्याच्या थंडीतही त्या ऊबेच्या आधाराने कुणीतरी सोडलेल्या गप्पी राहात होत्या. आपल्याला कालवा नको, हीटर पुरे. लिटरमागे साधारण एक वॅट हा ढोबळ हिशेब, म्हणजे आमच्या टाकीला ५० वॅटचा. तो आपोआप बंद-चालू होणारा असावा. सोबत काचेवर एक तापमापक चिकटवावा. वीज गेलीच तर टाकीभोवती घोंगडी गुंडाळावी. दोनचार तास ऊब टिकते.

खाण्याचे म्हणाल तर गरोदर मादीला थोडे थोडे, पण वरचेवर आणि विविध द्यावे: कोरडे खाणे, उकडून कुस्करलेला वाटाणा, आणि मिळाल्या तर डासांच्या अळ्या. दोनतीन मिनिटांत संपेल एवढेच घालावे. उरलेले तळाशी कुजते. पोट भरलेली आई पिल्लांच्या मागे कमी लागते, हा लाभ वेगळाच.

एक धोका मात्र मुद्दाम सांगतो, कारण दिवाळीच्या दिवसांत तो घरोघर असतो. डास मारण्याचे फवारे, जळत्या वड्या आणि विजेवर तापवायची औषधे यांत बहुधा जी द्रव्ये असतात ती माणसाला फारशी बाधत नाहीत, पण माशांना अतिशय विषारी असतात. टाकीचा एअर पंप खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात सोडतो. तेव्हा टाकीच्या खोलीत असले काही लावू नये. ताज्या रंगाचा वास आणि फटाक्यांचा धूर यांपासूनही टाकी दूर ठेवावी. जी मासोळी डास खाण्यासाठी सातासमुद्रांपलीकडून आणली, तिचा बळी डासांच्या औषधाने जावा यापरते दुर्दैव कोणते!

दिवस भरत आल्याची लक्षणे आईने आम्हांला शिकवली आणि ती पुस्तकांशी जुळली. पोटावरचा डाग गडद होत जातो. मादीचा रंग फिका असेल तर त्यात पिल्लांचे बारीक डोळेसुद्धा दिसतात. पोट गोल होते ते होतेच, पण शेवटी समोरून पाहता चौकोनी वाटू लागते. मग ती खाणे सोडते, कोपरा धरते, हीटरपाशी किंवा शेवाळात एका जागी थबकून राहते आणि तिचा श्वास जलद होतो. असे दिसले की दिवा मंद करावा आणि काचेवर टिचक्या मारणाऱ्या पाहुण्यांना दुसऱ्या खोलीत चहाला बसवावे.

जानेवारीतली रात्र होती. खोलीत अंधार करून आम्ही चौघे जमिनीवर बसलो होतो. दहाच्या सुमारास मादीने अंगाला एक झटका दिला आणि पोटाखालून मोहरीएवढी एक गोळी सुटली. ती खाली बुडते आहे असे वाटले, तोच उलगडली. दोन डोळे, एक शेपूट, आणि ताठ होऊन सरळ शेवाळात! लेकीने माझा हात घट्ट धरला. काही मिनिटांनी दुसरे, मग लागोपाठ दोन. सहा-सात मिलिमीटरचे ते जीव, पण जन्मतः शहाणे. मध्ये एकदा आई वळली आणि एका पिल्लाच्या मागे झेपावली. लेकीचा श्वास अडकला. पिल्लू जाळीच्या भोकातून पलीकडे गेले. आईने जाळीला तोंड लावले, क्षणभर थांबली आणि परत फिरली.

"गेलं," लेक म्हणाली. वाचलं, असा तिचा अर्थ होता.

दोन तासांत सगळे आटोपले. सकाळी मोजली तेव्हा सव्वीस होती. किती जन्मली आणि किती गेली हे सांगता येणार नाही, कारण अंधारात मोजदाद चुकते. पण सव्वीस म्हणजे शून्याच्या मानाने फार मोठा आकडा! मोकळी झालेली मादी दमून तळाशी बसली होती. नराला तिच्याकडे लगेच सोडू नये. चारदोन दिवस विसावा द्यावा. तिच्यासाठी लेकीने वाटाणा सोलून ठेवला होता. ज्या आईकडे पाठ करून ती बसत असे, तिच्याच पथ्यपाण्याची आता तिला घाई झाली होती.

पिल्लांना पहिल्या दिवसापासून भूक असते. उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक फडक्यातून पिळून त्याचे अगदी कणभर पाणी, चुरा केलेले कोरडे खाणे, आणि जमल्यास आर्टेमियाची ताजी फुटलेली पिल्ले, असे दिवसातून तीन-चार वेळा द्यावे. बलक जास्त झाला तर पाणी नासते, म्हणून हात आखडता ठेवावा. टाकीतले पाणी थोडे थोडे पण वरचेवर बदलावे. फिल्टरच्या तोंडाला स्पंज हवाच, नाहीतर पिल्ले आत ओढली जातात. महिना-दीड महिन्यात नर ओळखू येतात. त्यांचा पोटामागचा पर टोकदार होतो आणि अंगावर रंगाचे ठिपके उमटतात. यांतले काही ठिपके बापाकडून फक्त मुलांनाच मिळतात, हे डेन्मार्कच्या योहानेस श्मिट यांनी १९२० साली याच माशावर दाखवून दिले. नर ओळखू आले की नर-माद्या वेगळे करावेत, नाहीतर तीनएक महिन्यांत नातवंडे सुरू होतात.

आणि मग खरा प्रश्न उभा राहतो. सव्वीस पिल्ले, पुढच्या महिन्यात आणखी वीस-पंचवीस. ब्रीडर आणि कोट्स यांच्या टाकीतला नऊचा आकडा आपल्याही टाकीला सुटलेला नाही. पुष्कळ दयाळू माणसे अशा वेळी पिशवीभर मासे नदीत सोडून येतात. आमच्या गावाजवळून गोदावरी वाहते, आणि लेकीचाही तोच बेत होता. तो मी होऊ दिला नाही. गप्पी अशा सोडण्यातूनच जगभर पसरली आहे. ती कुठेही तगते, भराभर वाढते आणि आपल्या ओढ्यानाल्यांतल्या बारक्या देशी माशांच्या तोंडचा घास घेते, त्यांची पिल्लेही खाते. घरातल्या मादीला जागा देण्यासाठी नदीतल्यांची जागा हिरावून घेणे हा कुठला न्याय?

त्यांना जागा आहे ती माणसाने बांधलेल्या साचल्या पाण्यात, ज्याचा नदीनाल्याशी संबंध येत नाही अशा ठिकाणी: गच्चीवरच्या कमळाच्या कुंडीत, बागेच्या हौदात, गुरांच्या टाक्यात. डेंग्यूचा डास आपल्या घराभोवतीच्या अशाच स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. नगरपालिकांचे आणि आरोग्य खात्याचे लोक हेच मासे वाढवून अशा पाण्यांत सोडतात. जवळच्या आरोग्य केंद्रात विचारावे, कुठे सोडायचे ते तीच मंडळी सांगतात. जे पाणी ओतून देता येते ते मात्र आठवड्याला ओतूनच द्यावे. मासा हा आळसाला पर्याय नव्हे.

आमच्या आजूबाजूच्या पाच घरांत आता या मादीची लेकरे आहेत. शेजारच्या वहिनींकडेही आहेत, आणि त्यांच्या टाकीत प्लास्टिकच्या किल्ल्याच्या जागी शेवाळाची जुडी आली आहे. लेकीने एक वही घातली आहे. तीत प्रत्येक खेपेची तारीख, उरलेली पिल्ले आणि ती कुणाकडे गेली याची नोंद असते. पहिल्या पानावर तिने ठळक अक्षरांत नियम लिहिला आहे, आणि तो मला या लेखातल्या साऱ्या सल्ल्यांहून अधिक पटतो: 'आधी जागा, मग पिल्ले.'